ओटीतला रिकामा डबा

माझा धाकटा भाऊ पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो आणि मनाने फार चांगला आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तो अगदीच येडबंबू दिसेल.

आम्ही दोघं धुळ्यात वाढलो. गेमचं वेड आम्हाला एकदमच लागलं. तेव्हा टीव्हीला जोडायचं एक स्वस्तातलं खोकं मिळायचं आणि त्यात पिवळी कॅसेट खुपसायची. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, दोन चापट्या द्यायच्या, परत खुपसायची. गल्लीतली पोरं एकमेकांना कॅसेट उसनी देत, ती वेळेवर परत आली नाही म्हणून भांडत. भांडणात मी सगळ्यांच्या पुढे. पुढे शिकले, नोकरी लागली, लग्न होऊन जळगावला आले, तरी गेम काही सुटला नाही. पहिल्या दिवाळीला नवऱ्याकडे मी सोन्याऐवजी गेमचं मशीन मागितलं, त्यावरून सासरी माझी बरीच कीर्ती झाली. "सून टीव्हीवर मारामारी करस," असं नवऱ्याच्या आत्यांनी साऱ्या भाऊबंदांत सांगितलं. खोटं नव्हतं ते.

माझा हट्ट एकच. गेम डब्यातला हवा, नेटवरून उतरवलेला नको. डब्यात चकती असते. ती हातात धरता येते, कपाटात उभी करून ठेवता येते, भावाला देता येते आणि त्याने परत आणली नाही तर त्याच्याशी भांडताही येतं. नेटवरच्या गेमशी भांडणार कसं? भाऊ म्हणायचा, "ताई, तू म्हातारी झालीस." झाले तर झाले.

त्या वर्षी मला दिवस होते. हे वाक्य आज मी सहज लिहिते आहे, तेव्हा आमच्या घरात ते कुणाच्या तोंडून निघत नसे. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात एक गेलं होतं. तपासणी नेहमीचीच होती. मी सोनोग्राफीच्या टेबलावर पडून होते, डॉक्टर मॅडम माझ्याशी कैरीच्या लोणच्याबद्दल काहीतरी बोलत होत्या, आणि बोलता बोलता त्या गप्प झाल्या. मग त्यांनी मशीनचा पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. पुढचं त्यांनी सांगायच्या आधीच मला कळलं होतं. तेव्हापासून बँकेत, तिकिटाच्या खिडकीवर, कुठेही कुणी माझ्या समोरचा पडदा वळवला की मी आधी त्या माणसाचं तोंड बघते.

म्हणून या खेपेला अख्खं घर दबकत चालत होतं. मॅडमनी प्रवास बंद केला. बाळंतपणाला माहेरी जायची आमच्याकडची रीत, पण जळगाव-धुळे रस्त्यावरून गरोदर बाईला न्यायची म्हटल्यावर मॅडमनी हातच जोडले. तेव्हा मी सासरीच राहिले. माझ्या सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. अक्का रोज सकाळी चहाबरोबर विचारायच्या, "तब्येत कशी शे?" तब्येत म्हणजे कोण, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं, पण त्यापलीकडे शब्द जायचा नाही. नवरा मुक्ताईनगरला बँकेत जातो. तो दुपारी फोन करून विचारायचा, "सगळं ठीक?" मी म्हणायची, "ठीक." पाळण्याची गोष्ट नाही, नावांची चर्चा नाही, पोटाशी कुणी बोलत नाही. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, या घरात मूतखड्याचा पेशंट आहे.

डोहाळजेवण करायचंच नाही, असं अक्कांनी ठरवलं होतं. पण नवऱ्याच्या आत्या ऐकणाऱ्या नाहीत. त्या सोनगीरला असतात, आणि तिथून फोनवर त्यांनी अक्कांना असं काही सुनावलं की शेजारच्या खोलीत मला ऐकू आलं. "पयलं गयं म्हनीसन दुसरानं काहीच करानं नही का?" दुसऱ्या दिवशी अक्कांनी हिरवी साडी काढून उन्हात टाकली. साधंच करू, घरातल्या घरात, एवढंच म्हणाल्या.

तर घरातल्या घरात म्हणता म्हणता बायकांनी खोली भरली. आत्या सोनगीरहून आल्या होत्या, माझी आई आणि भाऊ धुळ्याहून आले होते. भाऊ त्यासाठी पुण्याहून खास आला होता. फुलांचे दागिने घालून मला पाटावर बसवलं. एकेका सवाष्णीने ओटी भरली, तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड. मांडी जड झाली. खरं सांगते, मला बरं वाटायला लागलं होतं. इतक्या बायका, इतका गलका, सगळ्यांना जशी काही खात्रीच. मलाही वाटलं, असेल बाई, असेल सगळं नीट.

तेवढ्यात भाऊ पुढे आला. हातात रंगीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी चपटं. म्हणाला, "ताई, तुझा खरा डोहाळा हा." मी हात पुढे केला तर आई म्हणाली, "हातात काय देतो? ओटीतच घाल की." त्याने ते नारळाच्या बाजूला, तांदळावर ठेवलं.

आकारावरूनच मी ओळखलं. कागद फाडला. ज्याची आम्ही दोघं कधीची वाट बघत होतो, तोच गेम. डब्यावरचं ते चित्र मी मोबाइलवर इतक्या वेळा पाहिलं होतं की आता हातात आल्यावर त्यावरून बोट फिरवत बसले. भाऊ खूश, मी खूश. आत्या म्हणाल्या, "उघाडी दखाड बठ्ठास्ले." ओटीत आलेली वस्तू झाकून ठेवायची नाही, साऱ्या बायकांना दाखवायची, असा त्यांचा दंडक. मी डबा उघडला.

आत काही नव्हतं. चकती बसवायची गोल जागासुद्धा नव्हती. नुसतं गुळगुळीत प्लास्टिक आणि एका कडेला खोचलेली कागदाची चिठ्ठी. मी चिठ्ठी काढली, डबा उलटा केला, झटकून बघितला. मग तसाच उघडा तो मांडीवर ठेवला.

ज्यांचा गेमशी संबंध नाही त्यांना सांगायला हवं. हल्ली काही कंपन्या असं करतात. डबा छापतात, त्यावर झकास चित्र छापतात, चकतीच्या भावात विकतात, आणि आत चकतीऐवजी चिठ्ठी ठेवतात. चिठ्ठीवर अक्षरं-आकडे असतात. ते मशीनमध्ये घातले की गेम नेटवरून उतरतो. एकदा वापरली की चिठ्ठी मेली. त्यानंतर तो डबा कुणाला द्या, भंगारात घाला, सारखंच. डब्याच्या पाठीमागे हे सगळं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं म्हणे. भावाने ते वाचलं नव्हतं. जळगावात एखाद्या मिठाईवाल्याने पेढ्यांचं चित्र असलेला रिकामा डबा आणि आत चिठ्ठी असं दिलं असतं, तर गिऱ्हाइकाने तोच डबा त्याच्या डोक्यात हाणला असता.

पण त्या वेळी मला हे काही सुचलं नाही. आत्या पुढे सरकल्या आणि डब्यात वाकून बघायला लागल्या.

"डबामा काहीच नही?"

"आहे ना आत्या," भाऊ घाईघाईने म्हणाला. "गेम आहे. फक्त डब्यात नाही."

"मंग कथा शे?"

"तो कंपनीकडे असतो. हा नंबर टाकला की घरी येतो."

"म्हंजे आते नही शे."

"आत्ता नाही, पण येणार आहे."

"येणार, येणार म्हंतस बठ्ठा," आत्या म्हणाल्या.

त्या वाईट नाहीत. वाईट वाटून म्हणाल्या. आत्यांचं सारं आयुष्य सोनगीरला गेलं, तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्या गावात. भांडं रिकामं कुणाच्या हातात द्यायचं नाही, शेजारणीची वाटी परत करताना चिमूटभर साखर तरी घालायची, नवा हंडा घरात आणताना त्यात चार दाणे टाकायचे, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आणि इथे सख्ख्या भावाने बहिणीच्या भरल्या ओटीत रिकामा डबा टाकला होता. तीही अशी बहीण, जिची ओटी एकदा रिती झालेली. खोलीतल्या एकूण एक बाईच्या मनात तेच होतं. माझ्या आईने तोंडावर पदर धरला. ओटीतच घाल असं आपणच म्हणालो, हे तिच्या लक्षात आलं होतं.

मी हसले. "अहो आत्या, प्लास्टिकचा डबा आहे तो," असंही म्हणाले. मी मांजर आडवं गेलं तर त्यालाच थांबवून त्याच्याशी बोलणारी बाई. अमावास्येला गाडी घेतली होती आम्ही, माझ्या सांगण्यावरून. पण भीती दार वाजवून येत नाही, आणि आली की तुमचं शिक्षण विचारत नाही. मी घाबरले होते. साफ घाबरले होते.

अक्का उठल्या. त्यांनी माझ्या मांडीवरून डबा उचलला आणि स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यात तांदूळ भरलेले होते, वर एक सुपारी. सुपारीमुळे डबा मिटत नव्हता, म्हणून त्यांनी त्याला दुधाच्या पिशवीचं रबर लावलं होतं. तो घेऊन त्या देवघरापुढे गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. किती तरी वेळ त्यांचे हात खाली आले नाहीत. तोवर मला वाटत होतं की अक्का माझ्यासाठी म्हणून जपून वागतात. त्यांची पाठ बघून कळलं की त्या माझ्याहून जास्त भ्यायल्या आहेत. मग त्या वळल्या आणि जमिनीवर पडलेली चिठ्ठी उचलून माझ्या हातात दिली. "हाई तुनं शे ना? धर."

त्यानंतर वाट्यांचा खेळ होता. दोन वाट्या पालथ्या घालतात, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. गरोदर बाईने एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, आणि हशा. ताट माझ्यापुढे आणलं. मी दोन्ही वाट्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी नाही उघडणार." कुणीतरी लाडाने आग्रह केला तर मी अशी काही खेकसले की ती बिचारी मागेच सरली. ताट तसंच आत गेलं.

निघताना भाऊ दारात रडवेला उभा होता. "ताई, मी दुकानात परत करून येतो." मी म्हणाले, "काय परत करतोस? तांदूळ?" तो हसला नाही. मलाही हसू आलं नाही.

पुढे बरेच दिवस ती चिठ्ठी माझ्या उशीखाली होती. वापरायची हिंमत होत नव्हती आणि फेकायचीही. आडवं पडून राहायचं, पंखा बघायचा, आणि आत काही हाललं की श्वास सोडायचा. मॅडमनी हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. सकाळच्या चहानंतर एकदा, जेवणानंतर एकदा, असं त्याचं ठरलेलं. हळूहळू मला माझाच राग यायला लागला. चिठ्ठी अशीच पडू दिली तर मीही आत्यांच्याच रांगेत जाऊन बसले की. मग एक दिवस नवरा कामाला गेल्यावर मी मशीन लावलं, चिठ्ठीवरचा चंदेरी थर खरवडला आणि अक्षरं एकेक करून टाकली.

गेम उतरायला लागला. पडद्यावर एक बारीक पट्टी येते आणि ती भरत जाते. भरत जाते म्हणजे गोगलगाय बरी. ऐन उन्हाळा, आमच्या भागातलं नेट म्हणजे नळाच्या पाण्यासारखं, आलं तर आलं. मी उशांना टेकून बसले आणि पट्टीकडे बघत राहिले. आणि बघता बघता माझ्या मनाने एक पैज लावली. मी मुद्दाम नाही लावली, ती लागली. आज हा गेम पूर्ण आला तर डबा रिकामा नव्हता. डबा रिकामा नव्हता तर अपशकुन झाला नाही. अपशकुन झाला नाही तर सगळं नीट होणार. आत्यांच्या शकुनांना हसणारी मी, माझं देवघर टीव्हीवर मांडून बसले होते.

मध्येच लाइट गेली. पंखा थांबला, पट्टी गेली, अंगाला घाम फुटला. लाइट येईपर्यंत मी अंधाऱ्या पडद्याकडेच बघत होते. आली, तेव्हा पट्टी होती तिथून पुढे सुरू झाली आणि मला इतकं हायसं वाटलं की मी पोटावर हात ठेवला.

आणि तिथेच हात थिजला. आज ते हाललंच नव्हतं.

चहानंतर हाललं होतं का? आठवेना. मी पट्टी बघत होते. जेवणानंतर? मी ताट मांडीवर घेऊन पट्टीच बघत जेवले होते. मी आठवून आठवून बघितलं आणि मला काल रात्रीपलीकडे काही आठवलं नाही. ज्याच्यासाठी पैज लावली होती त्याच्याकडेच माझं लक्ष नव्हतं.

मी गार पाणी प्यायले. साखरेचा डबा उघडून मूठभर साखर खाल्ली. डाव्या कुशीवर वळले आणि श्वास धरून थांबले. पोट टणक, शांत. बोटांनी दाबलं, एकदा इकडून, एकदा तिकडून, झोपलेल्या माणसाला उठवतात तसं. काही नाही. नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना. मला वाढून झाल्यावर अक्का स्वतःसाठी भाकरी थापत होत्या, तो आवाज येत होता. अक्कांना सांगायला हवं होतं आणि मला सांगायचं नव्हतं. त्यांना सांगितलं की ते खरं होईल, असं मला वाटत होतं. मी भिंतीला धरून दारापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. अक्कांनी वळून बघितलं.

"अक्का, हालत नाहीये."

त्यांनी गॅस बंद केला. तव्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अर्धी कच्ची होती, ती तशीच राहिली. पिठाचे हात त्यांनी लुगड्याला पुसले. "कव्हापासीन?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि तेव्हा रडायला लागले.

डब्याबद्दल त्या काही बोलतील असं मला वाटलं होतं. बोलल्या नाहीत. पायात चपला घालून त्या माझ्याआधी रस्त्यावर गेल्या आणि एका रिक्षापुढे सरळ आडव्या उभ्या राहिल्या. उन्हाने डांबर मऊ झालेलं. रिक्षात त्यांनी पदराचं टोक माझ्या पोटावर धरलं, ऊन लागू नये म्हणून. चौकात केळीचा एक ट्रक मागे-पुढे करत वळत होता आणि त्याच्यापायी सगळी रहदारी तुंबली होती. रिक्षावाला उतरून बघून आला. मी ट्रकवाल्याला शिव्या दिल्या, जोरात, अक्कांसमोर. आयुष्यात मी त्यांच्यासमोर तसले शब्द काढले नव्हते. अक्का रिक्षावाल्याला म्हणाल्या, "तिन्हं बोलणं ऐक ना, भाऊ. काढ वाट." त्याने फुटपाथवरून काढली.

दवाखान्यात मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या. सिस्टरने मला आत घेतलं आणि अक्कांना बाहेर थांबवलं, पेशंटशिवाय कुणी आत नको म्हणून. दार लागताना मला फक्त त्यांचे पिठाचे हात दिसले. फोन मी उशीजवळ ठेवला, नवऱ्याचा येईल म्हणून. सिस्टरने पोटावर गार जेल लावलं आणि हातातलं छोटं यंत्र त्यावर टेकवलं. नुसती खरखर. रेडिओवर स्टेशन लागत नाही तेव्हा असते तशी. सिस्टरने यंत्र सरकवलं. खरखर. खाली नेलं. तिथे एक ठोका लागला, संथ, आणि मी तिच्याकडे बघितलं.

"हे तुमचे आहेत," ती म्हणाली.

तिने परत शोधायला सुरुवात केली. ती आधी माझ्याशी बोलत होती, आता बोलायची थांबली. त्या यंत्राला आकडा दाखवणारा एवढासा पडदा होता. तिने तो नीट दिसावा म्हणून जरासा स्वतःकडे वळवला आणि मी तिचं मनगट पकडलं. "वळवू नका," मी म्हणाले. "काय असेल ते माझ्यासमोर." तिने घाबरून यंत्र परत माझ्याकडे केलं. बिचारी नवीन होती.

तेवढ्यात उशीजवळचा फोन थरथरला. मला वाटलं नवरा. मान वळवून बघितलं, तर घरच्या गेमच्या मशीनचा निरोप होता. गेम पूर्ण उतरला आहे, खेळायला तयार आहे.

पैज मी जिंकले होते. गेम आला होता. घरी रिकाम्या खोलीत, टीव्हीवर, सगळाच्या सगळा आला होता. आणि इथे खरखर चालू होती. तो क्षण कसा होता ते मला नीट सांगता येत नाही. मला एवढंच कळलं की मी देवाकडे चुकीची वस्तू मागितली. मी फोन पालथा घातला आणि डोळे मिटून घेतले. आता सिस्टर मॅडमना बोलवेल, मॅडम गप्प होतील, बाहेर अक्का उभ्या आहेत, त्यांना कोण सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मॅडम आल्या त्या ऑपरेशनच्या टोपीतच. काही न विचारता त्यांनी सिस्टरच्या हातून यंत्र घेतलं आणि अगदी खाली, उजव्या बाजूला, मला दुखेल इतकं दाबलं.

धावत सुटल्यासारखा आवाज आला. टपटपटपटप, थांबायचं नावच नाही. खोली त्याने भरून गेली.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "तोंड तुमच्या पाठीकडे केलंय. लाथा मारतंय, पण मागे. तुम्हाला कळणार कशा?" मग त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. "आलात ते चांगलं केलंत. आज इथेच राहा, पट्टा लावून ठेवू."

मी दाराकडे बोट केलं. मॅडमना कळलं. सिस्टरने पोटाभोवती पट्टा बांधला, मोठं मशीन लावलं आणि अक्कांना आत घेतलं.

अक्का दारातच थांबल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मी रडते आहे हे पाहून भिंतीचा आधार घेतला. मी मान हलवत होते, नाही, नाही, तसं नाही. तेवढ्यात त्यांना आवाज ऐकू आला.

"हाई कसाना आवाज शे?"

"ठोके आहेत, अक्का," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या नातवंडाचे."

अक्कांनी तो आवाज कधी ऐकला नव्हता. प्रत्येक तपासणीला त्या बाहेरच बसायच्या. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि मशीनकडे कान करून ऐकत राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"इतलं कसाले पळस ते? घाबरेल शे का?"

"नाही हो," मॅडम हसल्या. "त्यांचे ठोके असेच असतात, जोरात."

अक्कांना ते पटलं नाही. त्या कॉटपाशी आल्या. पिठाचा हात त्यांनी पट्ट्याच्या शेजारी, माझ्या पोटावर टेकवला, आणि वाकल्या, इतक्या की त्यांचा श्वास मला लागला.

"घाबरू नको," त्या पोटाला म्हणाल्या. "आठे बाहेर आम्ही बठ्ठाच घाबरेल शेतस. तरीबी तू ये."

मग सिस्टरकडे वळून त्यांनी जरा आवाज मोठा करायला सांगितलं, आणि तिने केला.